छोट्या अणुभट्टीचं स्थळ

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी चार माणसं माझ्या जळोचीच्या घरी अणुभट्टी मागायला आली.

मुलगी मागायला यावं तशी आली होती. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, चपला दाराबाहेर ओळीनं. सगळ्यांत पुढे होते आबा, आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते उगाच फोन करतील. आबांच्या मागे दोन संचालक, आणि त्यांच्या मागे आबांचा भाचा विक्रम. हा पुण्याहून एमबीए करून आलेला, त्यामुळे पुडा नव्हता, टॅबलेट होता.

पाणी झालं, ख्यालीखुशाली झाली, आणि आबा मुद्द्यावर आले.

"ताई, आमाला अणुभट्टी पायजे. मोठी नको. लहानच बगा एखादी."

जणू माझ्या माळ्यावर दोन-चार पडलेल्या होत्या आणि मी त्या जुन्या पातेल्यांसारख्या मोडीत घालायच्या विचारात होते.

यात त्यांची चूक नाही. मी चौतीस वर्षं एका अणुवीज केंद्रात नोकरी केली आणि निवृत्त होऊन जळोचीला घर बांधलं. आमच्या गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते मी बॉम्ब बनवत होते. काहींच्या मते मी तिथे कँटीनला होते आणि बाकीचं सांगते ते खोटं आहे. दुसरं मत माझ्या सांध्यांना जास्त सोसतं, कारण बॉम्बवाल्या बाईकडून लोक सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीपासून मुलांच्या बारावीपर्यंत सगळ्याची अपेक्षा ठेवतात.

विक्रमनं टॅबलेटवर चित्रं दाखवली. छोटी मॉड्युलर अणुभट्टी. म्हणजे काय, तर अणुभट्टीचे मोठे भाग कारखान्यात तयार करायचे, ट्रेलरवर घालून आणायचे आणि जागेवर जोडायचे. वर्षानुवर्षं सिमेंट ओतत बसायचं नाही. आता कायदा बदलतोय, खाजगी कंपन्यांनाही दार उघडतंय, आणि एक कंपनी जागेच्या शोधात आहे. आमच्या कारखान्याचा शेळगावच्या बाजूला मोठा माळ पडून आहे. कारखाना उसाच्या चोयट्यावर, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडावर, वीज करतो खरा, पण गाळप संपलं की टर्बाइन निवांत झोपतं. तेव्हा कंपनीला जागा द्यायची तयारी दाखवावी, असा ठराव विशेष सभेत आणायचा होता.

"सभेत तुमी फक्त दोन शब्द बोला," आबा म्हणाले. "भ्यायचं कारण न्हाय. बास."

"ते तीन झाले, आबा."

आबा हसले. संचालकही हसले, कारण आबा हसले होते.

मी चहा केला. आबांनी दोन कप घेतले. हे मुद्दाम लिहिते, कारण मी शेळगावची, गावाबाहेरच्या वस्तीवरची. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर बुद्धाचा धम्म घेतला, वडील प्राथमिक शाळेत मास्तर झाले. मी लहान असताना आबांचे वडील वस्तीवर मतं मागायला यायचे आणि माझी आई चहा टाकायची, तेव्हा त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा. त्यांच्या मुलानं माझ्याकडे दुसरा कप मागून घेतला. अणुशक्तीचे शांततामय उपयोग मी चौतीस वर्षं ऐकत आले, पण हा माझ्या यादीत नव्हता.

मी सभेला येते म्हणाले. का म्हणाले, ते पुढे येईल.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण आबांनाही ते माहीत नव्हतं. मी अणुभट्टी चालवली नाही. मी मोजत होते. बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, ट्रेनिंगला निवडले गेले आणि किरणोत्सार-सुरक्षा विभागात लागले. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी उकळायची खटपट. कारखान्यात चोयटा जाळून वाफ करतात, इथे युरेनियमचे अणू फुटून उष्णता होते. पुढचं टर्बाइन, जनरेटर, तारा सगळं तेच. फरक एवढाच की चोयटा जळताना दिसतो, आणि हे दिसत नाही. ना वास, ना धूर, ना चटका. म्हणून मोजणारं माणूस लागतं. कुठल्या खोलीत किती किरणोत्सार आहे, तिथे माणसानं किती मिनिटं थांबायचं, बाहेर येताना त्याच्या अंगावर, बुटावर काही चिकटून आलंय का, हे सांगणं म्हणजे माझी नोकरी. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. त्या माणसाला किती मात्रा मिळाली ते बॅज नोंदवतो. प्रत्येकाला वर्षाची मर्यादा ठरलेली. ती जवळ आली की त्याला तिथल्या कामावरून काढायचं.

या नोकरीत माणूस कुणाला आवडत नाही. इंजिनिअरला काम लवकर उरकायचं असतं आणि आपण दारात मीटर घेऊन उभे. मला पाठीमागे 'सासूबाई' म्हणत. माझं लग्न व्हायच्या आधीपासून.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नामी मिळाली. आमच्याकडे हिशेब विभागात एक गृहस्थ होते, अतिशय टापटिपीचे. अणुभट्टीच्या इमारतीत त्यांनी उभ्या आयुष्यात पाय ठेवला नव्हता. ठेवायची इच्छाही नव्हती. एके दिवशी सकाळी ते कामावर येताना मुख्य गेटमधून गेले आणि तिथलं यंत्र बोंबलायला लागलं. पुन्हा गेले, पुन्हा बोंब. बाहेरून येणारा माणूस किरणोत्सारी! अर्ध्या तासात सगळे साहेब गेटवर. कुणी म्हणे गळती झाली, कुणी म्हणे यांच्या स्कूटरवर काहीतरी आलं. मी त्यांना अंघोळ घातली, म्हणजे घालायला लावली. तीन वेळा. कपडे बदलले. बोंब तशीच. मीटर अंगावरून फिरवलं तर सगळ्यात जास्त गळ्यापाशी.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "काका, काल कुठल्या दवाखान्यात गेला होता?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. थायरॉइडची तपासणी केली होती. त्यासाठी औषधातून थोडा किरणोत्सारी पदार्थ देतात. एक-दोन दिवसांत तो निघून जातो. घरी सांगितलं नव्हतं, कारण मुलीची सोयरीक चालली होती आणि बापाला गळ्याचा आजार आहे असं कळलं तर स्थळ मोडेल, अशी भीती. मी अहवालात 'वैद्यकीय कारण' एवढंच लिहिलं आणि साहेबांना कानात सांगितलं. मुलीचं लग्न झालं. काकांनी पत्रिका दिली, वर म्हणाले, "तुम्ही या, पण ते मशीन आणू नका."

ही गोष्ट मी नेहमी सांगते. सगळे हसतात. दुसरी एक गोष्ट आहे, ती मी कधी सांगितली नव्हती.

शेळगावचा पोपट. आमच्या वस्तीवरचाच, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. त्याची आई माझ्या वडिलांकडे आली आणि म्हणाली, तुमच्या शालनला सांगा, पोराला तिकडं चिकटवा. मी एका ठेकेदाराला शब्द टाकला. आमच्याकडे वर्षातून एकदा अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद करतात, तेव्हा बाहेरून पुष्कळ कामगार लागतात. पोपट त्यात आला. हाताचा हुशार. दोन वर्षांत पाइपाच्या कामात पक्का झाला. मला 'ताई' म्हणायचा, सुट्टीवरून येताना भुईमुगाच्या शेंगा आणायचा.

तिसऱ्या वर्षी त्याच्या बॅजचा आकडा माझ्यासमोर आला. त्याचा जोडीदार रामलाल, दोघं एकाच खोलीत, एकाच पाइपावर, तेवढेच तास. रामलालच्या बॅजवर जेवढं यायला हवं तेवढं आलेलं, आणि पोपटच्या बॅजवर कँटीनमध्ये बसलेल्या माणसाएवढं. पुढच्या पाळीला मी पोपटचं कपाट उघडायला लावलं. बॅज जेवणाच्या डब्यात होता, रुमालात गुंडाळून, भाकरीच्या खाली.

"ताई, मर्यादा भरत आली की ठेकेदार बोलवत न्हाय," तो म्हणाला. "माझं लग्न ठरलंय. एवढं शटडाऊन काढू द्या."

मी रामलालच्या आकड्यावरून पोपटची मात्रा काढली. वर्षाच्या मर्यादेच्या आत होती. त्याला काहीही झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. पण बॅज लपवणं हा गुन्हा, आणि तो मी नोंदवला. नोंदवायलाच हवा होता, आजही नोंदवीन. ज्या केंद्रात बॅज खोटा बोलतो तिथे कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही. माझी चूक तिथे नव्हती. माझी चूक कागदात होती. मी लिहिलं: 'किरणोत्साराच्या मात्रेबाबत शंका असल्याने प्रवेश थांबवण्यात येत आहे.' शंका बॅजबद्दल होती. पण वाक्यात बॅज नव्हता.

ठेकेदारानं तो कागद पोपटच्या हातात देऊन त्याला घरी पाठवलं. शेळगावात नवरीच्या मामानं तो वाचला. आठ दिवसांत लग्न मोडलं. पोपटला अणू लागलाय, असं झालं. त्याच्या शेजारी कुणी बसेना. त्यानं म्हैस घेतली, तर गावात कुणी दूध घेईना. आमच्या वस्तीवरचं दूध न घेण्याला गावात काही घरांना पूर्वी वेगळं कारण असायचं, पण ते बोलून दाखवायची पंचाईत होऊ लागली होती. आता शास्त्रीय कारण मिळालं. पोपट दूध डेअरीला घालू लागला. डेअरीत ते सगळ्यांच्या दुधात मिसळायचं, आणि गाव तेच पिशवीतून विकत घेऊन प्यायचं. कुणाला काही झालं नाही.

माझ्या वडिलांनी मला पत्र लिहिलं. 'एकदा ये आणि चार माणसांत सांग की पोरगं धडधाकट आहे. तुझ्या सांगण्यानं फरक पडेल.' तेव्हा शटडाऊन चालू होतं. नंतर रजा मंजूर होईना. नंतर मुलाची परीक्षा. मग वडील गेले, तेव्हा मी गावी आले, पण ती वेळ नव्हती. मग राहून गेलं. 'राहून गेलं' हे मराठीत फार सोयीचं आहे. ते कुणी राहू दिलं हे सांगावं लागत नाही.

म्हणून मी आबांना येते म्हणाले. सभेत पोपट असणार हे मला माहीत होतं. ठरावाला विरोध करणाऱ्यांनी त्याला पुढं करायचं ठरवलंय, हे विक्रमनंच त्या रविवारी सांगितलं होतं. "त्यांच्याकडं शेळगावचा एक पेशंट आहे, ताई. तुम्ही एक्सपर्ट म्हणून तो विषय संपवून टाका."

सभा कारखान्याच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. गाळप चालू, बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग, सगळीकडे मळीचा आंबूस-गोड वास. कंपनीचा माणूस कोट घालून आला होता. पडद्यावर हिरवळ, हिरवळीवर पांढरी इमारत, इमारतीपुढे खेळणारी गोरी मुलं. शेळगावच्या माळावर कुसळ सोडून काही उगवत नाही, त्यामुळे नुसती हिरवळ बघूनच दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.

"ही एखाद्या बॅटरीसारखी आहे," तो म्हणाला. "बसवा आणि विसरून जा."

चौतीस वर्षांत अणुभट्टीतली विसरून जावी अशी एकही वस्तू मी पाहिली नव्हती, पण माझी पाळी यायची होती.

प्रश्न सुरू झाले. एकानं विचारलं, सभासदाला साखर सवलतीत मिळते तशी वीज मिळणार का? दुसऱ्यानं विचारलं, किती शेअरमागं किती? एक जमिनीचा एजंट भिंतीला टेकून उभा होता, त्यानं फक्त गट नंबर विचारला आणि लिहून घेतला. पाण्याचं कुणीतरी काढलं, तसा हॉल जागा झाला. कालव्याचं आवर्तन शेवटाला पोचत नाही, आणि ही भट्टी पाणी उकळणार, ते कुठलं? कंपनीच्या माणसानं "पाण्याचा अभ्यास चालू आहे" असं सांगितलं. आमच्याकडे पाण्याचा अभ्यास माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

मग नामदेवतात्या उठले. ऐंशीच्या घरातले, कालव्याच्या शेवटाला शेती, कारखान्याचे जुने सभासद.

"मला एक सांगा. आमच्या कारखान्यात उसाचं काय वाया जात न्हाय. चोयटा भट्टीत जातो. मळी शेतात जाते. राख वीटभट्टीवाला नेतो. तुमच्या भट्टीचा चोथा कोण नेतो?"

कंपनीचा माणूस आबांकडे बघायला लागला, आबा माझ्याकडे.

मी उठले. "तात्या, तो कुणी नेत नाही. तो सांभाळावा लागतो. आधी वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत. मग त्यातलं पुन्हा वापरता येईल ते काढून घेतात. उरतं ते थोडंच असतं, पण फार जहाल. ते काचेत ओतून गोठवतात आणि पहाऱ्यात ठेवतात."

"किती वरसं?"

"आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पहारा ठेवावा लागेल."

"आन् कंपनी तवर ऱ्हाईल?"

"ते मला मोजता येत नाही."

तात्या खाली बसले. आबांनी डोळ्यांनी मला 'आता ते तीन शब्द' अशी खूण केली.

मला जे वाटतं ते मी सांगितलं, आणि इथेही लिहिते, कारण हा अंक वाचणारे मला रस्त्यात विचारणारच आहेत. मी अणुविजेच्या विरोधात नाही. केंद्राच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर कॉलनीत माझा मुलगा वाढला आणि तो माझ्याहून उंच आहे. लहान भट्टीत एक गोष्ट खरोखर चांगली आहे. अणुभट्टी बंद केली तरी चुलीतल्या निखाऱ्यासारखी आत उष्णता राहते, आणि ती काढत राहावी लागते. मोठे अपघात तिथेच होतात. भट्टी लहान असली की निखारा लहान. काही आराखड्यांत तर वीज गेली, पंप बंद पडले, तरी पाणी आपोआप फिरून ती निवते. हे मला मनापासून पटतं. पण जगात आज चालू असलेल्या अशा भट्ट्या बोटांवर मोजाव्यात. कागदावर मात्र पीक जोरात आहे. स्वस्त होतील म्हणतात, आणि होतीलही, पण एकासारख्या एक पुष्कळ बनल्या तर. पहिल्या काही महागच पडणार, आणि त्या कुणीतरी घ्यायला हव्यात. आणि शाळा लहान असली म्हणून अर्धा मास्तर नेमता येत नाही. पहारा, तपासणी, मोजणारी माणसं, कागदपत्रं लहान भट्टीलाही लागतातच. आपल्याला हे सगळं करायचं असेल तर भट्टी येऊ द्या. नुसती बसवून विसरायची असेल तर पवनचक्कीसुद्धा आणू नका.

टाळ्या पडल्या नाहीत. कंपनीच्या माणसानं कोटाचं बटण लावलं.

तेवढ्यात कदम मास्तर उठले. हे विरोधकांचे पुढारी, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा विरोध तत्त्वाचा होता. तत्त्व असं, की एवढा मोठा प्रकल्प येतोय तर तो माळावर का, मास्तरांच्या मेव्हण्याच्या पडीक रानात का नाही. ते अर्थात बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले, "बाई आकडे सांगत्यात. मी माणूस दाखवतो." आणि त्यांनी मागच्या रांगेतून पोपटला स्टेजवर आणलं.

मी त्याला इतक्या वर्षांनी पाहत होते. केस पिकलेले, पण खांदे बैलासारखे. अंगावर नवाकोरा शर्ट, मास्तरांनीच दिला असणार. घड्या तशाच होत्या.

"हा बगा," मास्तर म्हणाले, "अणूनं खाल्लेला माणूस. हेला घरी का पाठवला, विचारा बाईंना. कागद हाय माज्याकडं." आणि त्यांनी तो कागद खरोखरच वर धरला. माझ्या सहीचा. पोपटनं तो इतकी वर्षं जपून ठेवला होता.

विक्रम माझ्या कानाशी आला. "ताई, फक्त म्हणा, रेकॉर्ड बघावं लागेल."

रेकॉर्ड मला पाठ होतं. माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प बसले असते तर पोपट आजारीच राहिला असता. खरं सांगितलं तर कंपनीचं वाईट, आबांचं वाईट, मास्तरांचंही वाईट, आणि माझं तर होणारच.

मी माइक घेतला. "या कागदावर माझी सही आहे. यात शंका लिहिली आहे ती पोपटच्या बॅजबद्दल. त्यानं बॅज डब्यात लपवला होता, कारण मर्यादा भरली की ठेकेदार कामावरून काढायचे. असं करणारा तो एकटा नव्हता. त्याच्या अंगात किती गेलं ते मी स्वतः काढलं होतं. मर्यादेच्या आत होतं. पोपट त्या दिवशी धडधाकट होता आणि आजही आहे. हे मी तेव्हाच गावात येऊन सांगायला हवं होतं. मला निरोपही आला होता. मी आले नाही."

मास्तर कागद उलटासुलटा करून बघू लागले, मागं काही चांगलं लिहिलंय का म्हणून.

पोपटनं माइक घेतला नाही. त्याचा आवाज तसाच शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"म्हंजे मला कायच झालं न्हवतं?"

"नाही."

"आन् हे तुमाला तवाच म्हाईत होतं?"

"होतं."

तो मास्तरांकडे वळून म्हणाला, "मास्तर, मला दुखतंय तरी कुठं म्हणून सांगायचं आता?" आणि स्टेजवरून उतरून निघून गेला.

लोक हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. पहिल्या रांगेत त्याचे शेजारी होते, तेही खाली बघत होते.

आबा मुरलेले गडी. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की चर्चा अतिशय खेळीमेळीत झाली असून विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे. गाडीपर्यंत विक्रम माझ्याबरोबर आला. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"मला बोलावताना विचारायचं होतंस," मी म्हणाले.

त्यानंतर आबा पुन्हा आले नाहीत. कंपनीचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या माळावर तीच हिरवळ दाखवतोय असं ऐकते. विक्रम आता मळीपासून गॅस करायच्या मागे आहे. त्यासाठी त्याला दुसरी कुणीतरी ताई मिळाली असेल. माळावर शेळ्या चरतात. शेळगावच्या रस्त्यावर मात्र त्या भिंतीला टेकलेल्या एजंटानं बोर्ड लावला आहे: 'अणुनगर, एनए प्लॉट, बुकिंग चालू'. छोट्या अणुभट्टीच्या भवितव्याबद्दल एवढा ठाम विश्वास मी आमच्या मोठ्या साहेबांमध्येही पाहिला नव्हता. भट्टी येईल की नाही, मला सांगता येत नाही. इथे नाही, तर कुठेतरी येईल. आणि आली, की तिथेही कुणाच्या तरी डब्यात बॅज असेल, आणि कपाट उघडायला लावणारी एखादी सासूबाई लागेल. तिनं कागद मात्र माझ्यापेक्षा नीट लिहावा.

सभेनंतर महिन्याभरानं पोपट माझ्या दारात आला. मोटारसायकलवरून, एकटा. मी दार उघडलं. इतकी वर्षं मी मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"बस की," मी म्हणाले.

तो बसला. चहा नको म्हणाला. घर बघितलं, भिंतीवरचा वडिलांचा फोटो बघितला, त्याला हात जोडले. मग म्हणाला, "ताई, एक कागद पायजे."

"कसला?"

"त्या दिवशी बोललासा त्योच. लिव्हून द्या. मला काय झालं न्हवतं म्हणून."

"पोपट, मी आता निवृत्त. माझ्याकडे शिक्का नाही, लेटरहेड नाही."

"शिक्क्याचा कागद हाय माज्याकडं," तो म्हणाला. "हाताचा पायजे."

मी वहीचं पान फाडलं. लिहायला बसले. एवढी वर्षं शेकड्यानं अहवाल लिहिले, पण हा सगळ्यांत अवघड गेला. त्याचं पूर्ण नाव घालून लिहिलं. बॅजचं लिहिलं, मात्रेचं लिहिलं, तो निरोगी होता हे लिहिलं. तारखेपाशी आले तेव्हा तो म्हणाला, "त्या सालाची टाकता का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"आई जायच्या आधीची," तो म्हणाला. "तिला वाटायचं, मीच काय तरी लपवतोय."

मला ते करावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण हात वळला नाही. मी आजची तारीख टाकली, आणि ती टाकल्यावर तिच्याखाली एक ओळ लिहिली: 'हे पत्र तेव्हाच द्यायला हवं होतं. ते न देणं ही माझी चूक.' सही केली आणि पान त्याच्यापुढे ठेवलं.

पोपटनं ते हळूहळू, बोट फिरवत वाचलं. वरचं भराभर, खालची ओळ दोनदा. मग पान माझ्याकडे परत सरकवलं.

"ही शेवटची वळ लई बारीक आलीया," तो म्हणाला. "जरा मोठ्या अक्षरात लिव्हा."

मी दुसरं पान फाडलं.